एकरी एक बॅग आणि एक बाटली : गव्हाच्या शिफारशी लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रब्बीच्या प्रात्यक्षिकांचे नियोजन करणारे अधिकारी आणि गव्हाच्या शिफारशी लिहिणारे शास्त्रज्ञ,

स. न. वि. वि.

मी निफाड तालुक्यातला साधा शेतकरी. चार एकर रान, त्यात दर रब्बीला दीड-दोन एकर गहू. आमच्याकडे पारावर बोलणे चालते ते द्राक्षाचे आणि कांद्याचे. गव्हाला कोणी विचारत नाही, तो घरच्या पोळीपुरता आणि चार पोती विकण्यापुरता. तरी ज्या निफाडच्या नावावरून गव्हाच्या वाणांना ‘एनआय’ ही अक्षरे लागली, तिथल्या माणसाने गव्हाबद्दल दोन शब्द बोलावेत, हे गैर नसावे.

गेल्या आठवड्यात गावच्या समाजमंदिरात रब्बीची बैठक झाली. यंदाच्या प्रात्यक्षिकात काय मिळणार ते सांगितले गेले: एकरी चाळीस किलोची एक बियाण्याची बॅग, तणनाशकाची एक बाटली आणि कसले तरी द्रवखत. पेरणी कधी, हे कोणी विचारले नाही. खत कसे देणार, हेही नाही. तणाचा विषय निघाला तेव्हा साहेबांनी बाटली उचलून दाखवली आणि विषय संपला. मी हात वर केला होता, पण तोवर चहा आला. जे तिथे बोलता आले नाही ते इथे लिहितो आहे. हे फक्त माझे गाऱ्हाणे नाही, म्हणून उघड लिहितो.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका प्रात्यक्षिकात मीही होतो. पोळ कांदा, म्हणजे खरिपाचा, उशिरा निघाला, रान मोकळे व्हायला डिसेंबर उजाडला. आठ तारखेला पेरणी केली. बॅग एक, एकर एक. डीएपी खत हाताने फेकले, वरून रोटाव्हेटर मारला आणि भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरून घेतले. तीन आठवड्यांनी रान हिरवे दिसत होते. जवळ जाऊन पाहिले तर गव्हाइतकीच चिल, म्हणजे रानातला चाकवत. त्यात चांदवेल, कडेला हरळी. मिळालेली बाटली टू-फोर-डी नावाच्या तणनाशकाची होती. मी पंप भरला.

माझ्या बांधापलीकडे शेजारच्या अण्णांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटलेली, त्या वेळी मणी धरलेली. वारा बागेच्या दिशेने होता, हे माझ्या लक्षात आले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. लक्षात आले होते, पण भाड्याचा पंप त्या एका दिवसापुरता होता. आठवड्याभरात बागेच्या पहिल्या चार ओळींतली शेंड्याची पाने पंख्यासारखी झाली, शिरा एकवटल्या, कडा दातेरी. ज्याने एकदा पाहिले त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. अण्णांनी भांडण केले नाही. ते नुसते एक पान खुडून घेऊन आले आणि माझ्या ओट्यावर ठेवून गेले. अजून आमच्यात बोलणे आहे ते कामापुरते.

चूक माझी होती, ती तुमच्या माथी मारत नाही. पण त्या हंगामात गहू काढताना एक गोष्ट दिसली आणि ती मला अजून सोडत नाही. तीच सांगायला हा कागद घेतला.

ट्रॅक्टर शेताच्या टोकाला वळतो तिथे दुबार बी पडते. सहा-सात फुटांचा पट्टा, उभ्या ओळींवर आडव्या ओळी. त्या पट्ट्यात चिल जवळपास नव्हतीच. होती ती वीतभर, पिवळसर, सावलीत पोसलेल्या रोपासारखी लांबुडकी. आणि शेताच्या मधोमध एका ठिकाणी पेरणी यंत्राची नळी तुंबली होती, वीसेक फूट एक ओळ रिकामी गेली. त्या रिकाम्या ओळीत चिल कमरेला लागत होती. रान तेच, पाणी तेच, फवारा तोच. फरक एवढाच, की एका जागी गहू दाट होता आणि दुसऱ्या जागी नव्हता.

मग मी ठिबकच्या जुन्या नळीची एक मीटर बाय एक मीटर चौकट केली आणि पुढच्या वर्षापासून पेरणीनंतर पंधरा दिवसांनी पाच ठिकाणी टाकून रोपे मोजायला लागलो. तुमचीच शिफारस सांगते, की हेक्टरी २० ते २२ लाख रोपे हवीत. म्हणजे माझ्या चौकटीत २०० ते २२०. एकरी एका बॅगेवर, उशिराच्या पेरणीत, मला मिळाली सरासरी १२८. उरलेली जागा कोणाची? ती तणाची. रान मोकळे राहत नाही, कोणीतरी ते धरतेच.

हे असे का होते, याचा हिशेब घरच्या परातीत केला. पुतणीला बसवले, बॅगेतले हजार दाणे मोजून घेतले आणि सोनाराच्या काट्यावर तोलले. भरले ४७ ग्रॅम. म्हणजे चाळीस किलोच्या बॅगेत साधारण साडेआठ लाख दाणे. दुसऱ्या एका वाणाचे हजार दाणे ३८ ग्रॅम भरले, त्याच्या बॅगेत साडेदहा लाख. वजन एक, दाण्यांत दोन लाखांचा फरक! टपोऱ्या दाण्याच्या बॅगेचे हेक्टरी एकवीस लाख दाणे होतात, म्हणजे एकूण एक दाणा उगवला तरच शिफारशीइतकी रोपे. बॅगेवर उगवण किमान ८५ टक्के लिहिलेली असते. तेवढीच धरली तर अठरा लाखांवर गाडी येते. मग खोल पडलेले बी, किडा-पाखरू, वाफसा चुकलेला तुकडा, हे सगळे वजा जायचे ते वेगळेच. आणि उशिराच्या पेरणीला थंडीत फुटवे कमी धरतात, म्हणून तुमच्याच पुस्तिकेत वेळेवरच्या पेरणीला हेक्टरी १०० किलो आणि उशिराच्या पेरणीला १२५ किलो लिहिले आहे. एकरी पन्नास किलो! मग प्रात्यक्षिकात १० नोव्हेंबरला पेरणाऱ्यालाही चाळीस आणि १० डिसेंबरला पेरणाऱ्यालाही चाळीस, हे कोणत्या पुस्तिकेत बसते? पहिली तक्रार ही.

दुसरी तक्रार ओळींची. वेळेवरच्या पेरणीला साडेबावीस सेंटिमीटर, उशिराला अठरा, हे छापलेले आहे. गावात भाड्याने मिळणारी यंत्रे मात्र साडेबाविसावरच घट्ट बसवलेली. फण सरकवायला बोल्ट आहेत, पण गंज चढलेले, आणि चालवणाऱ्याला वेळ नसतो. तेवढेच बी रुंद ओळींत टाकले की एकेका ओळीत रोपे एकमेकांच्या उरावर आणि दोन ओळींच्या मधे ऊन मोकळे. गव्हाची रोपे आपसात भांडतात आणि चिल मधे बसून मजा बघते. डेन्मार्कात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच उलट करून पाहिले होते. गव्हाचे बी वाढवले आणि ओळीत कोंबण्याऐवजी सगळीकडे सारख्या अंतरावर टाकले. तणाचे वजन घटले, पिकाचे वाढले. गंमत अशी, की आमच्या आजोबांना हे सांगायला डेन्मार्कला जावे लागले नसते. पातळ पेरलेल्या रानाला ते ‘तणाला आवतण’ म्हणायचे.

इथेच एक कोडे घालतो. तुमच्या पत्रकात वर्षानुवर्षे एक वाक्य आहे, की पेरणी उभी-आडवी करू नये, एकेरी करावी, म्हणजे आंतरमशागत सोयीची होते. ज्या काळात गव्हात कोळपे, म्हणजे ओळींमधले तण काढायचे अवजार, चालायचे, बायका ओळीने खुरपत जायच्या, त्या काळात हे शंभर टक्के खरे. आज माझ्या शिवारात गव्हात कोळपे घालणारा एक माणूस दाखवा. खुरपणीला मजूर मिळत नाहीत, कारण त्याच दिवसांत सगळ्या बायका द्राक्षाच्या थिनिंगला, म्हणजे मणी विरळ करायला, आणि कांद्याच्या लागणीला असतात. मग ओळी मोकळ्या ठेवायच्या त्या कोणासाठी? कोळप्यासाठी ठेवलेल्या जागेत आता फक्त तण राहते आणि त्याच्यासाठी आपण बाटली आणतो. एक तर कोळपे परत आणून द्या, नाही तर निम्मे बी उभे आणि निम्मे आडवे पेरून काय होते ते आमच्या रानात मोजून दाखवा. ते वाक्य मात्र तसेच छापत राहू नका.

आता खताचे. यावर जरा जास्त लिहितो, कारण बियाण्याचे गणित शेतकऱ्याला परातीत कळते, खताचे कळत नाही.

आमचा समज असा, की खत टाकले की गहू जोर धरतो आणि तणाला मागे टाकतो. हे अर्धे खरे आहे. चिल ही नत्राची हावरी. मोकळ्यावर फेकलेले नत्र ती गव्हाच्या आधी उचलते. शिवाय नत्रामुळे आणि उजेडामुळे तिच्या निजलेल्या बियाला जाग येते. फेकून दिलेले खत वरच्या दोन बोटे मातीत राहते आणि तणाचे बीही तिथेच असते. गव्हाचा दाणा त्याच्या खाली. म्हणजे जेवणाचे ताट वाढले ते आधी पाहुण्याच्या पुढ्यात. स्फुरद तर मातीत जागचे हलत नाही. ते मुळाजवळ पडले तरच पिकाला, नाही तर नाही. हेच खत बियाच्या खाली-शेजारी ओळीने पेरले, की पहिले मूळ गव्हाचे पोचते, वीस दिवसांत गव्हाचे पान ओळ झाकायला लागते आणि चिल सावलीत सापडते. कॅनडात लेथब्रिजच्या संशोधन केंद्रात नत्र फेकून आणि मातीत ओळीने पेरून, दोन्ही करून पाहिले. पेरलेल्या नत्रात बहुतेक तणे दबली. खताचा डोस वाढवावा लागला नाही, जागा बदलली.

यात तुम्हाला नवीन काहीच नाही. दोन चाडी पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचे पेरणीचे अवजार, तुमच्याच शिफारशीत आहे. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. माझ्या लहानपणी आमच्याकडे ती होती, आई एका चाड्यावर आणि चुलती दुसऱ्यावर. मूठ सोडायचा दोघींचा ताल एक असायचा. आज अवजार बँकेतल्या यंत्राला खताची पेटी आहे, पण आतली चक्री गंजून बसली आहे, नळ्या उंदरांनी खाल्ल्या आहेत. चालक म्हणतो, “पेटीत खत टाकू नका दादा, अडकतं. आधी फेकून घ्या.” आपण फेकून घेतो. अनुदान देऊन गावात आणलेल्या यंत्राची खताची पेटी हंगामाआधी एकदा उघडून पाहायची जबाबदारी कोणाची आहे? ही तिसरी तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यांत स्वस्तात मिटणारी.

चौथी युरियाची. बागायती वेळेवरच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश. एकरी हिशेब केला तर एक गोणी डीएपी, जवळपास दोन गोण्या युरिया, थोडे पोटॅश. अर्धे नत्र पेरताना आणि अर्धे एकविसाव्या दिवसाच्या पाण्याला, खोडाच्या बुडाशी मुकुटमुळे फुटतात तेव्हा, खुरपणी झाल्यावर. ही वेळ म्हणजे जिवाची वेळ. याच दिवसांत फुटवे ठरतात आणि रान कोणाचे तेही ठरते. प्रात्यक्षिकाच्या त्या वर्षी एकविसाव्या दिवशी युरियाची गोणी मिळाली नाही. दुकानात सांगितले, सोबत एक द्रवखताची बाटली घ्यावी लागेल. २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीबरोबर तिच्यापेक्षा महाग बाटली. मी नाही म्हणालो आणि घरी आलो. दुकानदाराचे नाव लिहीत नाही. त्यालाही वरून तसेच गळ्यात मारले जाते, हे गावाला माहीत आहे. गोणी मिळाली अडतिसाव्या दिवशी. तोवर गव्हाची वेळ टळली होती, चिल मात्र भरात होती. तो युरिया मी माझ्या हाताने चिलीला घातला, असेच म्हणायला हवे. म्हणून सांगतो, खताचा तुटवडा हा नुसता खताचा प्रश्न नाही. वेळेला न मिळालेले खत तणाच्या बाजूने लढते आणि त्याचा खर्च पुन्हा बाटलीत निघतो.

बाटलीला माझा सरसकट विरोध नाही. हरळी आणि चांदवेल दाट पेऱ्याला भीत नाहीत. चांदवेल तर गव्हावरच चढते आणि ओंबीसकट खाली ओढते. तिच्यासाठी वेगळे उपाय लागतात, हे मान्य. शेजारी बाग नसेल, वारा पडलेला असेल, तर वेळेला केलेली फवारणी कामाचीच. पण फवारा हाच एकमेव उपाय म्हणून शिकवला, की पुढे काय होते ते पंजाब-हरियाणाने दाखवले आहे. भात-गव्हाच्या पट्ट्यात गुल्लीडंडा नावाचे गव्हासारखेच दिसणारे गवत. त्यावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक वर्षानुवर्षे एकच एक मारले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते गवत मरेनासे झाले. मग नवी औषधे आली, पुढे त्यांनाही दाद देईनासे झाले. आपल्याकडे तो गुल्लीडंडा अजून डोकेदुखी नाही. पण आपल्याकडे द्राक्षबागा आहेत. ज्या शिवारात गव्हाला लागून बागा आहेत, तिथे प्रात्यक्षिकाच्या पिशवीत टू-फोर-डी घालण्याचा निर्णय कोणी घेतला, हे मला खरेच जाणून घ्यायचे आहे. पाचवी तक्रार ही, आणि ती माझ्याइतकीच अण्णांची आहे.

दाट पेरा म्हणजे जादू, असेही माझे म्हणणे नाही. सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. तिथे रोपे वाढवली तर कणसात येण्याआधीच ओल संपेल. तिथे पातळ पेराच बरोबर. कोरडवाहू गव्हालाही माझे आकडे लावू नका. आमच्याकडेही हाताबाहेर बी आणि हाताबाहेर युरिया झाला की गहू लोळतो. माझ्या थोरल्या भावाने एकदा एकरी सत्तर किलो टाकले होते. फेब्रुवारीत वारा आला आणि अख्खे रान चटईसारखे झोपले. मी मागतो आहे ते तुमच्याच पुस्तिकेतले २०० ते २२० रोपांचे रान, जास्त नाही.

मागणे सरळ आहे. पेरणीची तारीख विचारा आणि बी तिच्याप्रमाणे द्या. उशिराच्या पेरणीला एकरी पन्नास किलो लागते, तर बॅगेसोबत दहा किलोची पिशवी द्या किंवा प्रात्यक्षिकाचे क्षेत्र तेवढ्या पटीत कमी धरा. बियाण्याच्या बॅगेवर उगवण आणि शुद्धता असते, त्याच्या खाली हजार दाण्यांचे वजन छापायला लावा. एका ओळीची शाई लागेल. अवजार बँकेच्या यंत्रांची ऑक्टोबरात तपासणी करा: खताची पेटी चालते का, फण अठरावर सरकतात का. जे यंत्र खत पेरू शकत नाही त्याला पेरणी यंत्र म्हणून भाड्याने जाऊ देऊ नका. युरियाचा पुरवठा महिन्याच्या कोट्यावर नाही, पेरणीच्या तारखेपासून तीन आठवड्यांवर बसवा, आणि सोबत बाटली घ्यायला लावणाऱ्यावर, मग तो दुकानदार असो की त्याच्या वरचा, कारवाई झाली ते फलकावर लावा. बागा असलेल्या गावांत टू-फोर-डी पिशवीतून काढा. आणि तण व्यवस्थापन या मथळ्याखाली पहिल्या ओळीत फवारणी नको. आधी रोपसंख्या, मग ओळीतले अंतर, मग खत कुठे आणि कधी, आणि हे सगळे करून उरले तर औषध. बियाणे एका पानावर, खत दुसऱ्यावर आणि तण तिसऱ्यावर असे छापल्यामुळे शेतकऱ्याला हे तीन वेगळे खर्च वाटतात. रानात ते एकच आहे.

शेवटचे एक. प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक शेतात पाच गुंठ्यांचा एक तुकडा बिनफवारणीचा ठेवा. पन्नास किलो बी, अठराच्या ओळी, खत पेरून, युरिया एकविसाव्या दिवशी. आणि त्याच्या शेजारी तुमची नेहमीची पद्धत. दोन्हीकडची रोपे मोजा, तण उपटून तोला आणि आकडे गावात लावा. माझे म्हणणे चुकले तर तेही त्याच कागदावर दिसेल.

यंदा कांदा लवकर निघेल असे वाटते. २० नोव्हेंबरच्या आसपास मी पेरतो आहे. बांधाकडचा अर्धा एकर त्या प्रयोगासाठी ठेवला आहे. अण्णांनाही सांगितले, की यंदा तिथे पंप फिरणार नाही. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी त्यांची जुनी दोन चाडी पाभर काढून ओट्यावर आणून ठेवली आहे. एका चाड्याला चीर आहे, ती सुतार भरून देतो म्हणाला. पेरल्यावर पंधराव्या दिवशी तुमच्यापैकी कोणीतरी या. चौकट गोठ्याच्या भिंतीला टांगलेली आहे.

कळावे,
आपला,
निफाड तालुक्यातला एक गहू पिकवणारा